सारातोवची विमाने : एका कंपनीचा उदय आणि अस्त

रशियातील व्होल्गा नदीच्या उजव्या तीरावर सारातोव नावाचे एक मोठे शहर आहे. विमानविद्येच्या इतिहासात या शहराला मानाचे स्थान आहे. युरी गागारीन हा पहिला अंतराळवीर विद्यार्थिदशेत याच शहरात शिकत होता आणि १९५५ साली येथील हवाई क्लबातच तो विमान चालवायला शिकला. पुढे १२ एप्रिल १९६१ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून तो परत आला, तोही योगायोगाने सारातोवच्या समोरच्या तीरावरील एंगेल्स शहराजवळच्या शेतात!

अशा या शहराची स्वतःची विमान कंपनी होती. तिचे नाव ‘सारातोव एअरलाइन्स’. तिचा इतिहास १९३१ पासूनचा. स्टालिनच्या पंचवार्षिक योजना, दुसरे महायुद्ध, सोव्हिएट संघाचे विघटन, एवढ्या सगळ्या वादळांतून ती तरली. मात्र २०१८ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, ती बंद पडली. तिच्या अखेरीला कारण झाली ती हाताच्या पंजाएवढी एक नळी आणि ती गरम करणारा एक विजेचा खटका. एवढ्याशा वस्तूने एवढी मोठी संस्था कशी कोसळली? की ती आधीच आतून पोखरली गेली होती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे पदार्थविज्ञानही शिकायला मिळेल.

एक देश, एक विमान कंपनी

सोव्हिएट काळात देशात एकच विमान कंपनी होती : एरोफ्लोट. ती सरकारी होती आणि जगातील सर्वांत मोठी होती. प्रवासी नेणे, टपाल पोचवणे, शेतावर औषध फवारणे, दूरच्या खेड्यातील रोग्याला शहरातील रुग्णालयात आणणे, ही सारी कामे तीच करी. प्रत्येक मोठ्या शहरात तिचे एक पथक असे. विमाने, वैमानिक, दुरुस्तीची कार्यशाळा आणि विमानतळ हे सगळे त्या पथकाच्याच ताब्यात. सारातोवला १९३१ मध्ये जे हवाई स्थानक निघाले, त्यातूनच येथील पथक वाढले.

सारातोवचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे येथे विमानांचा मोठा कारखाना होता. १९६६ साली प्रथम उडालेले याक-४० हे छोटे जेट विमान येथेच तयार होई. तीन इंजिने, मागच्या बाजूला स्वतःचा जिना आणि गवताच्या धावपट्टीवरही उतरण्याची ताकद यांमुळे ते खेड्यापाड्यांचे जेट ठरले. अशी सुमारे एक हजार विमाने या कारखान्यातून बाहेर पडली. त्यानंतर आले त्याचे थोरले भावंड, १२० आसनांचे याक-४२. गावातच घडलेली विमाने गावातलेच वैमानिक चालवीत आणि गावातलेच कारागीर दुरुस्त करीत. सुटा भाग हवा असेल तर तोही गावातच मिळे.

पिल्ले घरट्याबाहेर पडली

१९९१ साली सोव्हिएट संघ फुटला आणि त्याबरोबर एरोफ्लोटही फुटली. तिच्या पथकांतून शेकडो लहानमोठ्या कंपन्या जन्मल्या. परदेशी पत्रकारांनी त्यांना थट्टेने ‘बेबीफ्लोट’ हे नाव दिले. एखादीकडे पन्नास विमाने, तर एखादीकडे अवघी दोन! तिकिटामागे सरकार जो पैसा घालीत असे तो आटला, इंधन महागले आणि सामान्य माणसाला विमानप्रवास परवडेनासा झाला. एक-एक करून यांतील बहुतेक पिल्ले नाहीशी झाली.

सारातोवचे पिल्लू मात्र जगले. १९९४ मध्ये त्याची भागभांडवलाची कंपनी झाली. याक-४२ विमाने रोज मॉस्कोला जाऊ लागली. व्यापारी, विद्यार्थी, रोगी, सरकारी नोकर यांना रेल्वेत रात्र काढण्याऐवजी दीड-दोन तासांत राजधानी गाठता येऊ लागली. लांबच्या प्रदेशाला राजधानीशी जोडणारी विमानसेवा म्हणजे एक प्रकारचा पूलच असतो.

पण याक-४२ विमाने म्हातारी होत चालली होती. त्यांची इंजिने इंधन फार खात. त्यांना जन्म देणारा गावातील कारखाना मंदावत जाऊन अखेर बंद पडला होता. तेव्हा २०१३ च्या अखेरीस कंपनीने ब्राझीलमध्ये बनलेली एम्ब्रेअर-१९५ जातीची दोन विमाने भाड्याने आणली. २०१७ मध्ये अँटोनोव्ह-१४८ ही विमाने आली. ही पूर्वी दुसऱ्या एका रशियन कंपनीत चाललेली होती. कंपनी वाढत होती, नवी शहरे जोडत होती.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एका लहान कंपनीकडे आता तीन वेगवेगळ्या देशांत आखलेली, तीन वेगवेगळ्या जातींची विमाने होती. याक रशियातले, एम्ब्रेअर ब्राझीलचे, अँटोनोव्हचा आराखडा युक्रेनमधील कीव्हचा. प्रत्येक जातीचे सुटे भाग वेगळे, दुरुस्तीची रीत वेगळी, वैमानिकांचे शिक्षण वेगळे. मोठ्या कंपनीला हे पेलते. लहान कंपनीत मात्र माणसे आणि वेळ दोन्ही अपुरी पडण्याचा धोका असतो.

धोक्याची एक घंटा आधी वाजलीही होती. २०१५ साली तपासणीच्या वेळी विमानाच्या चालककक्षात तेथे असण्याचा अधिकार नसलेली व्यक्ती आढळली, म्हणून कंपनीच्या परदेशी उड्डाणांवर बंदी आली. कंपनीने आपल्या कारभारात सुधारणा केली आणि २०१६ मध्ये ही उड्डाणे पुन्हा सुरू झाली.

सहा मिनिटांचे उड्डाण

११ फेब्रुवारी २०१८, रविवार. मॉस्कोच्या दोमोदेदोवो विमानतळावर बर्फ पडत होते. सारातोव एअरलाइन्सचे उड्डाण क्रमांक ७०३ ओर्स्क या गावी निघाले होते. ओर्स्क हे उरल नदीकाठचे, कझाकस्तानच्या सीमेजवळचे गाव. विमान अँटोनोव्ह-१४८ जातीचे. आत ६५ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते.

दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी विमान उडाले आणि ढगांत शिरले. अडीच मिनिटांनंतर, सुमारे १३०० मीटर उंचीवर असताना, वेग दाखविणाऱ्या उपकरणांचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले. त्या वेळी विमानाचा वेग ताशी सुमारे ४६५ किलोमीटर होता. थोड्याच वेळात मुख्य वैमानिकासमोरचा आकडा घसरू लागला आणि शून्यावर आला. वैमानिकांनी स्वयंचालक यंत्रणा बंद करून विमान हाती घेतले. वेग कमी झाला असे समजून विमानाचे नाक खाली दाबले गेले. वेगाचा आकडा तरीही वाढेना, म्हणून नाक आणखी खाली गेले. अखेरीस विमान क्षितिजाशी ३० ते ३५ अंशांचा कोन करून सरळ जमिनीकडे झेपावले. उड्डाणानंतर सुमारे सहा मिनिटांत ते एका गावाजवळच्या बर्फाच्छादित शेतात कोसळले. ७१ पैकी एकही जण वाचला नाही.

विमान धडधाकट होते. दोन्ही इंजिने चालू होती. चूक होती ती केवळ एका आकड्याची.

वेग मोजणारी नळी

मोटारीचा वेग चाकाच्या फेऱ्यांवरून कळतो. विमानाला हवेत चाकाचा काय उपयोग? त्यासाठी विमानाच्या नाकाजवळ समोर तोंड करून बसविलेली एक नळी असते. तिला पिटो नळी म्हणतात. आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती प्रथम वापरली.

पिटोचा प्रयोग तुम्हालाही करता येईल. एक पारदर्शक नळी काटकोनात वाकवा. शिक्षकांना बरोबर घेऊन गावाजवळच्या एखाद्या उथळ ओढ्यावर जा. नळीचे एक तोंड प्रवाहाच्या समोर धरा आणि दुसरी बाजू सरळ उभी ठेवा. वाहते पाणी नळीच्या तोंडाशी अडते आणि त्याच्या गतीचे दाबात रूपांतर होते. त्या दाबाने उभ्या नळीतील पाणी ओढ्याच्या पृष्ठभागापेक्षा वर चढते. प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर पाणी सुमारे ५ सेंटिमीटर चढेल, २ मीटर असेल तर सुमारे २० सेंटिमीटर. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. म्हणजेच हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

विमानात पाण्याच्या जागी हवा असते. नळीत शिरलेल्या हवेचा दाब एका बाजूला आणि विमानाच्या अंगावरील छिद्रांतून घेतलेला बाहेरच्या स्थिर हवेचा दाब दुसऱ्या बाजूला. या दोहोंतील फरक म्हणजे वेगामुळे आलेला दाब. सूत्र सोपे आहे : हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. ताशी ३६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १०० मीटर वेगाला हा दाब येतो सुमारे ६००० पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या केवळ सहा टक्के! एवढ्याशा फरकावर वैमानिकाचा सारा विश्वास असतो.

नळीत बर्फ अडकले तर?

ढगांतील पाण्याचे थेंब शून्याखालील तापमानालाही पुष्कळदा द्रवरूपच राहतात. त्यांना अतिशीत थेंब म्हणतात. कशाचा तरी स्पर्श होताच ते क्षणात गोठतात. विमानाची पिटो नळी म्हणजे त्यांना आयतीच सापडलेली जागा. म्हणून या नळीत विजेवर तापणारी तार बसविलेली असते. ती चालू असली की नळीवर बर्फ धरत नाही.

ती बंद राहिली तर काय होते, हे बर्फ नेमके कोठे अडकले यावर अवलंबून असते. नळीत शिरलेले पाणी निचरून जावे म्हणून तिला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. समजा, समोरचे तोंड गोठले आणि निचऱ्याचे छिद्र उघडे राहिले. मग आत कोंडलेला दाब त्या छिद्रातून निघून जातो, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि उपकरण सांगते : वेग शून्य!

आता समजा, तोंड आणि छिद्र दोन्ही बुजली. मग नळीतील दाब जेवढ्यास तेवढाच राहतो. विमान वर चढू लागले की बाहेरचा दाब मात्र घटतो. ५०० मीटर चढले की तो सुमारे ६००० पास्कलने कमी होतो. म्हणजे वेग ताशी ३६० किलोमीटर असताना नळी बुजली, तर ५०० मीटर वर गेल्यावर दाबाचा फरक दुप्पट होईल आणि उपकरण ताशी सुमारे ५१० किलोमीटर वेग दाखवील. वर्गमूळ काढून हे गणित स्वतः पडताळून पाहा. विमानाचा खरा वेग बदललेला नसतानाही आकडा वाढत जातो.

हा दुसरा प्रकार १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत घडला. न्यूयॉर्कहून प्रवाशांविना निघालेल्या एका बोइंग ७२७ विमानाची नळी तापविण्याचा खटका बंद राहिला होता. विमान चढत गेले तसा वेगाचा आकडा वाढत गेला. वेग फार झाला असे समजून वैमानिकांनी नाक वर उचलले. प्रत्यक्षात वेग इतका घटला की पंखांना हवेची उचल मिळेना आणि विमान कोसळले. आतील तिन्ही कर्मचारी मरण पावले. एका विमानात आकडा खोटाच वाढला म्हणून नाक वर गेले, दुसऱ्यात खोटाच घटला म्हणून खाली गेले. फसवणारी नळी मात्र एकच.

२००९ सालच्या १ जूनला एअर फ्रान्सचे एक विमान अटलांटिक महासागरात बुडाले आणि २२८ माणसे गेली, त्या दुर्घटनेची सुरुवातही पिटो नळ्यांत अडकलेल्या बर्फकणांनी झाली होती. तेथे तापविण्याची व्यवस्था चालू होती, पण फार उंचीवरील दाट बर्फकणांपुढे ती अपुरी पडली.

मग वैमानिकाने करायचे काय?

वेगमापक बिघडले म्हणून विमान पडलेच पाहिजे असे मुळीच नाही. इंजिनांचा जोर ठरावीक ठेवला आणि नाकाचा कोन ठरावीक ठेवला, तर विमानाचा वेग आपोआप ठरावीक मर्यादेत राहतो. सायकलस्वाराला वेगमापक नसतानाही सपाट रस्त्यावर एका लयीत पायडल मारताना आपला वेग साधारण कळतोच ना? तसेच हे. वैमानिकांना हे कोन आणि जोर तक्त्यात दिलेले असतात. वेगाचा आकडा संशयास्पद वाटला की त्याच्याकडे दुर्लक्ष करून कोन व जोर सांभाळायचा, हा नियम आहे.

नाकाचा कोन आणि उंची दाखविणारी उपकरणे पिटो नळीवर अवलंबून नसतात. सारातोवच्या विमानातील वैमानिकांपुढे ही माहिती होती. पण ढगांत बाहेरचे काही दिसत नाही, शरीराला वर-खाली कळत नाही आणि एक आकडा ‘वेग संपला’ असे ओरडत असतो. अशा वेळी मन त्या एका आकड्याला चिकटून बसते. म्हणूनच या प्रसंगाचा सराव जमिनीवरील नकली चालककक्षात पुनःपुन्हा करवून घ्यावा लागतो. ऐन वेळी विचार करायला अवधी नसतो, सवयच उपयोगी पडते.

दोष कोणाचा?

अपघाताचा तपास आंतरराज्य विमानोड्डाण समितीने केला. विमानातील नोंदयंत्र सापडले. त्यातील नोंदींवरून कळले की या उड्डाणात पिटो नळ्या तापविण्याची व्यवस्था चालूच केलेली नव्हती. याच विमानाच्या आधीच्या पंधरा उड्डाणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्येक वेळी ती उड्डाणापूर्वी चालू केलेली आढळली. म्हणजे यंत्रात दोष नव्हता. त्या दिवशी तपासणीची यादी नीट वाचली गेली नव्हती.

ही तपासणीची यादी काय असते, ते पाहण्यासारखे आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे एक नवे मोठे विमान चाचणीच्या वेळी कोसळले. शेपटीकडील पडदे वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहिली होती. चालविणारा वैमानिक अत्यंत अनुभवी होता. यावरून एक गोष्ट उमगली : विमान आता एका माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडण्याइतके साधे राहिलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक टप्प्यावर छापील यादी वाचायची, एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने पाहून उत्तर द्यायचे, अशी प्रथा पडली.

पण ‘वैमानिक विसरले’ एवढे म्हणून समिती थांबली नाही, आणि येथेच खरा धडा आहे. अँटोनोव्ह-१४८ मधील नळीचा तापक जमिनीवर फार वेळ चालू ठेवता येत नाही. म्हणून तो अगदी शेवटच्या क्षणी, विमान धावायला निघण्याच्या बेतात असताना, चालू करायचा असे ठरलेले होते. म्हणजे घाई सर्वांत जास्त असते त्याच वेळी! तापक बंद असताना विमान उडणारच नाही अशी सोयही त्यात नव्हती. त्यापलीकडे, कंपनीत धोके ओळखण्याची आणि आवरण्याची व्यवस्था नीट चालत नव्हती, वैमानिकांच्या शिक्षणावर देखरेख तोकडी होती आणि त्यांना परवाने देणाऱ्या सरकारी यंत्रणेनेही ते पुरेसे पारखून घेतले नव्हते, असे ताशेरे समितीने ओढले.

थोडक्यात, विसरलेला खटका हा साखळीतला शेवटचा दुवा होता. आधीच्या प्रत्येक दुव्याला ही साखळी तोडण्याची संधी होती.

हळद्या उडालाच नाही

अपघातानंतर कंपनीने अँटोनोव्ह विमाने ताबडतोब थांबविली. सरकारी निरीक्षकांनी कंपनीची झडती घेतली. त्यांना कारभारात इतकी उणी सापडली की मे २०१८ च्या अखेरीस कंपनीची उड्डाणे बंद करण्यात आली. कंपनीने ‘इवोल्गा’ असे नवे नाव घेऊन पुन्हा उभे राहण्याचा बेत केला. रशियन भाषेत इवोल्गा म्हणजे हळद्या. आपल्याकडे आमराईत दिसणाऱ्या पिवळ्याधमक हळद्याचाच तो चुलतभाऊ. पण हा हळद्या काही आकाशात झेपावला नाही. नाव बदलले तरी गेलेला विश्वास परत येत नाही.

सारातोवच्या लोकांचा प्रवास थांबला नाही. दुसऱ्या कंपन्यांची विमाने तेथे येऊ लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहराबाहेर नवा विमानतळ सुरू झाला आणि त्याला गागारीनचे नाव देण्यात आले. ओर्स्कमधील ज्या घरांतील माणसे त्या रविवारी परतलीच नाहीत, त्या घरांना मात्र कशानेच भरपाई होणार नाही.

प्रयोगशाळेत वायूचा दिवा पेटविण्यापूर्वी नळी घट्ट बसली आहे का हे पाहायला शिक्षक रोज सांगतात. आपण ती रोजच घट्ट असते म्हणून एखाद्या दिवशी पाहत नाही. बहुतेक दिवशी काही बिघडतही नाही, आणि न पाहण्याची सवय जडते ती अशीच.

कधी विमानतळावर गेलात, तर उभ्या असलेल्या एखाद्या विमानाच्या नाकाजवळ निरखून पाहा. एखाद्या बारीक नळीवर लाल कापडी पिशवी चढवलेली दिसेल. धूळ आणि किडे आत शिरू नयेत म्हणून ती असते. उड्डाणापूर्वी ती आठवणीने काढावी लागते, आणि ती काढली आहे की नाही हे दुसऱ्या कोणीतरी जाऊन पाहावे लागते.